वारं पडलं त्या दुपारी

जालन्याहून धावड्याला जायला मला वेगळं कारण लागत नाही. तिथे मावशी आहे, एवढं पुरतं. यंदा मात्र मी ढग बघायला गेले होते. घरी तसं सांगितलं तेव्हा आई भाकरी थापता थापता थांबली आणि म्हणाली, "आपल्या गावात ढग न्हाईत का?"

आहेत. आमचं गाव अंबड तालुक्यात, सपाट रानात. तिथे ढग येतो तो थेट डोक्यावर येतो, आणि डोक्यावर आलेला ढग दिसत नाही. नुसता अंधार दिसतो.

मी जालन्याला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. वर्गात सरांनी काही विचारलं आणि उत्तर येत असलं तरी माझा हात अर्धाच वर जातो. सेमिनारचे विषय वाटताना माझ्या वाट्याला आला तो असा: गडगडाटी वादळाचं जीवनचक्र आणि वैमानिकांनी त्याबद्दल काय जाणावं. मी कधी विमानात बसलेली नाही, हे मी सरांना भीतभीतच सांगितलं. ते म्हणाले, "विमानाचं राहू दे. वादळ तरी पूर्ण पाहिलंयस का? उगवल्यापासून मावळेपर्यंत?" मी नाही म्हणाले. "मग एकदा लांबून बघ. डोंगर असेल अशा ठिकाणी जा."

धावड्याला अजिंठ्याचा डोंगर आहे. आणि धावड्याला पायलटसुद्धा आहे, ती म्हणजे माझी शोभामावशी.

भोकरदन

एसटीनं जालना सोडलं तेव्हा ऊन असं होतं की खिडकीच्या गजाला हात लावता येईना. हस्त नक्षत्र लागलं होतं. या दिवसांत सकाळी आभाळ धुतल्यासारखं असतं, दुपारी अंगाची लाही होते आणि दिवस कलता कलता कुठेतरी गडगडायला लागतं. पुस्तकात वाचलं होतं की वादळाला तीन गोष्टी लागतात: हवेत ओल, खाली तापलेली जमीन, आणि हवेला वर ढकलणारं काहीतरी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी होती, मधेच काढलेल्या सोयाबीनच्या गंज्या मेणकापडाखाली झाकलेल्या. ओल होती, ऊन होतं. ढकलणारं काय, ते अजून दिसत नव्हतं.

भोकरदनच्या स्टँडवर मावशीचे यजमान, नारायणकाका, पिकअप घेऊन आले होते. त्यांनी आधी मला भजी खाऊ घातली.

"ढग बघायला आली म्हणे."

"हो काका. कॉलेजचं काम हे."

"मंग बराबर गावाला आली. आमच्याकडं दुसरं काय हे बघायला? एक ढग, अन् एक तुझी मावशी."

मावशी दहावीपर्यंत शिकली. पुढं लग्न, पुढं दुसऱ्यांच्या वावरात खुरपणी. तिच्या बचत गटाला फवारणीचं ड्रोन मिळालं तेव्हा दहा बायांतून शिकायला जायला तीच एकटी तयार झाली. आता तिच्याकडे पायलटचं सर्टिफिकेट आहे. आजूबाजूच्या गावांतून तिला बोलावणी येतात, आणि ड्रोन पिकअपमध्ये घालून काका तिला घेऊन जातात.

"पण लई जपावं लागतं," काका गाडी चालवता चालवता म्हणाले. "एका गावातलं ड्रोन वाऱ्यानं पाडलं. पडलं ते पडलंच, अजून दुरुस्तीला हे. बायांना कोणी बोलवत न्हाई आता. तुझी मावशी वरून दाखवत न्हाई, पण तिला एकच धास्ती हे. हे मशीन पडलं तर परत खुरपं हातात."

मावशीची गच्ची

दुसऱ्या दिवशी मावशीला काम नव्हतं. दुपारी आम्ही ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि वर कच्चं तेल असं जेवलो. आमच्याकडे ठेच्यात शेंगदाणे असतात, त्यामुळे मिरचीला थोडी लाज वाटते. इथे नुसती मिरची आणि मीठ. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"अगं, ही तर फिक्की हे," मावशी म्हणाली. "पाहुण्यांसाठी केलेली."

जेवून मी गच्चीवर गेले. कठड्यावर मोबाइल टेकवून डोंगराचं चित्रण चालू केलं. थोड्या वेळानं बघते तर उन्हानं तापून तो बंद पडलेला. त्यामुळे पुढचं सगळं मी नुसत्या डोळ्यांनी पाहिलं, आणि आता वाटतं की ते बरंच झालं.

डोंगराच्या माथ्यावर लहान लहान ढग उगवत होते आणि विरत होते. ढकलणारा कोण, ते आता कळलं. तापलेली हवा डोंगराच्या उतारावरून वर चढत होती आणि उंचावर गेली की तिचा ढग होत होता. असे बरेच ढग आले आणि गेले. मग एक आला तो गेला नाही.

तो वाढायला लागला. जिनिंगमध्ये कापसाचा ढीग असतो, तसा एक ढीग कुणीतरी खालून ढकलून आभाळात चढवतंय असं वाटत होतं. एक फुगवटा वर यायचा, त्याच्या पोटातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा. ही पहिली अवस्था. या वेळी ढगात सगळी हवा वरच जात असते. पाऊस नसतो, गडगड नसते, पांढराशुभ्र आणि निरुपद्रवी दिसतो. पण त्यात शिरलेल्या विमानाला तो वैमानिकाच्या मनाविरुद्ध वर उचलून नेऊ शकतो. हे मी पुस्तकात वाचलं होतं आणि पाठही केलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा मला ते खरं वाटलं.

मग त्याचा माथा चपटा व्हायला लागला. पत्र्याच्या घरात चुलीचा धूर वर जातो, पत्र्याला लागतो आणि आडवा पसरतो ना, अगदी तसा. आभाळालाही कुठेतरी पत्रा आहे हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. ढग त्याला जाऊन लागला आणि त्याचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा एका बाजूला लांबच लांब निघाला. खाली त्याच्या पोटातून पावसाचा राखाडी पदर सुटला. आता त्याच्या आत एकाच वेळी वर जाणारी हवा आणि खाली कोसळणारी हवा शेजारी शेजारी होत्या. वादळ भरात असतानाची ही अवस्था, सगळ्यात धोक्याची. आत विजा चमकत होत्या आणि प्रत्येक वेळी तो अख्खा ढग आतून उजळायचा, कंदिलासारखा. आवाज मात्र काहीच येत नव्हता. इतका मोठा डोंगर, त्याच्यावर त्याहून कितीतरी मोठा ढग, आणि कोंबड्यांच्या टुकटुकीशिवाय काही ऐकू येत नव्हतं. मी कठड्याला धरून उभी राहिले.

तेवढ्यात दक्षिणेकडून विमान आलं. फार उंच होतं, नुसता चमकणारा ठिपका आणि मागे पांढरी रेघ. ते सरळ ढगाकडे चाललं होतं. मग ती रेघ हळूहळू वाकली. ढग अजून त्याच्यापासून खूप दूर होता, तरी ते बाजूला वळलं आणि मोठा वळसा घालून पलीकडे गेलं. वैमानिकांना सांगतात की भरातल्या वादळापासून निदान तीस-पस्तीस किलोमीटर लांब राहा. त्याच्या ऐरणीखालून जाऊ नका, कारण गारा ढगाबाहेरही फेकल्या जातात. आणि खालून पलीकडचा उजेड दिसला तरी त्याच्या पोटाखालून निघायचा मोह धरू नका. त्या विमानात किती माणसं असतील, त्यांतल्या कितींना कळलं असेल की आपण आत्ता कुणाच्या तरी पुढे वाकून गेलो?

ऊन उतरता उतरता त्याचा जोर गेला. त्याच्याच पावसानं त्याच्या पोटावर पाय दिला होता. पावसाबरोबर खाली आलेली थंड हवा जमिनीवर पसरली आणि वर जाणारी गरम हवा तिनं तोडली. खालचा ढग फाटत गेला आणि वर फक्त ती ऐरण उरली, मावळतीच्या उजेडात गुलाबी झालेली.

मावशी हात पुसत वर आली.

"संपलं?"

"हो. एवढंच असतं एकाचं, साधारण तासाभराचं."

"तासाभराचं आयुष्य, अन् मंग एवढा कशाला माजतो गं?" ती कठड्यावर बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "आम्हाला ट्रेनिंगात वारं सांगितलं, पाऊस सांगितला. ढग असा उलगडून न्हाई सांगितला कोणी. त्याच्यातलं खाली येणारं वारं काय करतं?"

सांगण्यापेक्षा मी दाखवायचं ठरवलं. तांब्याभर पाणी घेतलं आणि गच्चीवरून अंगणात ओतलं. पाणी जमिनीला लागलं आणि धूळ पुढे ढकलत चहूकडे पळालं.

"असं," मी म्हणाले. "पाऊस एका जागी पडतो, पण वारं त्याच्या लई पुढं पळतं. पाऊस लांब दिसत असतो, तवाच ते येऊन धडकतं."

"कळलं," खालून काका म्हणाले. ते कठड्याला लागूनच खाली खाट टाकून बसले होते, आणि निम्मं पाणी त्यांच्या डोक्यावर पडलं होतं.

साहेबराव तात्यांचं वावर

तिसऱ्या दिवशी आम्ही साहेबराव तात्यांच्या वावरात गेलो. डोंगराच्या पायथ्याला त्यांची कपाशी आहे आणि तिच्यात अळी पडली होती. तात्या गेले कितीतरी दिवस नंबर लावून बसले होते, आणि उद्या ड्रोन पलीकडच्या गावात जायचं होतं.

मावशीची एक पद्धत आहे. वावरात गेल्यावर आधी ती एक काठी रोवते. काठीच्या टोकाला तिच्या जुन्या लाल साडीचं फडकं बांधलेलं असतं. फडकं उडत असलं की औषध वाऱ्यानं दुसऱ्याच्या वावरात जातं, म्हणून ती थांबते. फडकं पडलं की उडवते. आता आसपासच्या गावांत लोकही तिच्याआधी फडक्याकडे बघतात.

त्या दिवशी सकाळपासून फडकं उडत होतं, डोंगराच्या दिशेनं. आम्ही बांधावर बसून राहिलो. तात्यांनी दोनदा चहा आणला. दुपार कलली तशी डोंगरावर ढग उभा राहिला, कालच्यापेक्षा मोठा आणि कितीतरी जवळ. मग फडकं हळूहळू खाली आलं आणि काठीला चिकटून लटकलं.

"ताई, वारं पडलं," तात्या उठलेच. "बघा, बिलकुल हालत न्हाई. सकाळपास्नं याचीच वाट बघून राह्यलो."

मावशीनं डोंगराकडे पाहिलं. पाऊस अजून लांब होता. तिनं ड्रोन उडवलं. मोहोळ उठल्यासारखा आवाज करत ते कपाशीवरून सरळ रेषेत जायचं, वळायचं, परत यायचं. पहिली टाकी संपली. ते नारिंगी मेणकापडावर अलगद उतरलं, आणि काका बॅटरी बदलायला वाकले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ऊन फिकट झालंय. वर पाहिलं. ढगाचा आकार आता दिसत नव्हता. ती ऐरण आमच्या डोक्यावर आली होती. काल मी वादळ बघत होते, आज मी त्याच्याखाली उभी होते.

"मावशी," मी म्हणाले.

"काय गं?"

"काही न्हाई."

पण मग डोंगराच्या पायथ्याला निलगिरीची रांग आहे, तिच्याकडे माझं लक्ष गेलं. तिथली पानं वाऱ्यानं उलटी होऊन पांढरी दिसत होती. आमच्याकडे पानही हलत नव्हतं.

"मावशी, ते फडकं दिवसभर डोंगराकडं होतं."

"मंग?"

"ढग वारं ओढून घेत होता. आता ओढायचं थांबलं."

"थांबलं ते चांगलंच झालं की पोरी," तात्या म्हणाले.

"न्हाई तात्या. ओढायचं थांबलं, म्हणजे आता फेकायला लागल. तांब्यासारखं."

"कोणता तांब्या?"

"माझ्या डोक्यावर पडला तो," काका म्हणाले.

तात्यांना हसायची इच्छा नव्हती. "ताई, उद्या तुमचं मशीन दुसऱ्या गावाला चाललं. माझी अर्धी कपाशी फवारलेली, अर्धी कोरडी. अळी काय रांगेत थांबती का? एक टाकी जल्दी मारून घ्या, एवढ्यात काय होतंय."

मावशीनं हातातला रिमोट खाली केला आणि माझ्याकडे पाहिलं. "खात्री हे का तुला?"

वर्गात सर हाच प्रश्न विचारतात, आणि माझा अर्धा वर गेलेला हात खाली येतो. मी पुन्हा निलगिरीकडे पाहिलं. मी जे सांगत होते ते पुस्तकातलं होतं आणि एका तांब्यातलं. हो म्हणावं असं फार वाटलं.

"न्हाई," मी म्हणाले. "खात्री न्हाई."

"घ्या," तात्या म्हणाले. "कॉलेजची पोरगी."

मावशी हसली नाही. "तिला न्हाई, मला न्हाई. तुम्हाला हे का खात्री, तात्या?"

तात्यांनी परत फडक्याकडे पाहिलं.

"मंग इथं खात्री कोणालाच न्हाई, अन् मशीन दहा बायांचं हे." तिनं काकांच्या हातातली बॅटरी घेतली आणि पेटीत ठेवली. "पाती मिटा."

आम्ही ड्रोन पिकअपमध्ये चढवलं, दोरानं बांधलं, वरून ताडपत्री ओढली. तात्या फडक्यापाशी उभे होते, ते हलत नाही हे दाखवत. तेवढ्यात निलगिरीच्या अलीकडे जमिनीवर एक मातकट भिंत उठली. ती आमच्याकडे येत होती, आवाज न करता. मग एकदम गार झालं, कुणीतरी दार उघडल्यासारखं, आणि ओल्या मातीचा वास आला. फडकं काठीपासून सुटलं, सकाळच्या बरोबर उलट्या दिशेला वळलं आणि ताठ झालं. पुढच्या क्षणी काठीच उपटली गेली. नारिंगी मेणकापड उडून कपाशीवरून ओढ्याकडे गेलं आणि त्याच्या मागोमाग तात्यांची टोपी.

तात्या कडुलिंबाच्या झाडाकडे पळाले.

"तात्या, झाडाखाली न्हाई. गाडीत या," मावशी ओरडली.

पुढच्या सीटवर आम्ही चौघं कोंबून बसलो, काचा वर केल्या. गाडी हलत होती. आधी गारा आल्या, हरभऱ्याएवढ्या, टपावर वाजणाऱ्या, आणि मग पाऊस. वीज पडायची ती दिसायचीच नाही, एकदम सगळंच दिसायचं: प्रत्येक कपाशीचं झाड, प्रत्येक बोंड, तात्यांच्या चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती. काल जे मला कंदिलासारखं दिसलं होतं, त्याच्या आत आम्ही होतो. पत्रा चहूकडून असला की वीज बाहेरून निघून जाते, हे माहीत असूनही मी मावशीचा हात धरला होता.

उतरणाऱ्या विमानाचं काय होतं ते मला तेव्हा आठवलं. अशा वाऱ्यात ते शिरतं तेव्हा आधी समोरून वारा लागतो, विमान उचललं जातं, आणि वैमानिकाला वाटतं की सगळं ठीक आहे. मग वरून दाब येतो. मग मागून वारा लागतो आणि पंखांखालचा आधारच जातो, जमीन अगदी जवळ असताना. पुस्तकात त्याची बाणांची आकृती आहे. मी ती पेन्सिलीनं काढलीही होती. बाणांना असा आवाज असतो हे मला माहीत नव्हतं.

टपावरचा मार जरा कमी झाला.

"टोपी नवी होती," शेवटी तात्या म्हणाले.

मग काच पुसत त्यांनी कपाशीच्या मधोमध पाहिलं. दुसरी टाकी उडवली असती तर त्या वेळी ड्रोन तिथेच असतं. "ताई, मशीन तिथं वर असतं तर?"

"तर टोपीच्या संगं गेलं असतं," काका म्हणाले.

मावशीनं मागे वळून ताडपत्रीकडे पाहिलं, आणि धरलेला माझा हात आणखी घट्ट धरला.

पाऊस थांबला तसा तात्यांनी दाराला हात घातला.

"थोडं थांबा, तात्या," मी म्हणाले. "विरत चाललेला ढगपण वीज टाकतो. गडगडायचं पूर्ण थांबू द्या. त्याच्यावरही जरा वेळ जाऊ द्या."

हे मी एका दमात बोलले, मधे कुठेही न अडखळता. तात्यांनी दारावरचा हात काढून घेतला.

सकाळ

पावसानं तात्यांची फवारलेली अर्धी कपाशीही धुऊन निघाली होती. मावशीनं पलीकडच्या गावाला उशिरा येते असं कळवलं, आणि सकाळी आम्ही पुन्हा त्यांच्या वावरात गेलो. पानांवरचं पाणी वाळेपर्यंत बांधावर बसलो. तात्यांनी चहा आणला. डोक्यावर जुनी टोपी होती.

"एवढं सगळं वाजलं, अन् आज कुठं काही न्हाई," ते डोंगराकडे बघत म्हणाले.

खरंच काही नव्हतं. डोंगराची कडा इतकी स्वच्छ होती की वरचं एकेक झाड दिसत होतं. रात्रभर जमीन निवलेली असते, हवा जागच्या जागी असते, म्हणून लहान विमानं सकाळी उडतात, असं मी वाचलं होतं. पण मी ते बोलले नाही. मी आभाळ बघत होते. एवढं मोठं काहीतरी इथे उभं होतं, विमान त्याला वळसा घालून गेलं असतं, आणि आता त्याच्या जागी नुसता निळा रंग होता.

मावशीनं नवी काठी रोवली होती, फडकंही नवं होतं. ते काठीला चिकटून लटकत होतं, बिलकुल न हलता, अगदी कालच्यासारखं. तिनं त्याच्याकडे पाहिलं. काल दुपारी तिला तेवढं पुरलं होतं. मग ती माझ्याकडे वळली.

"बघ बरं एकदा चहूकडं."

मी बांधावर चढले. आधी डोंगर पाहिला, मग निलगिरी, मग मागे भोकरदनच्या बाजूचं सपाट रान, मग डोक्यावर. सगळं बघून होईपर्यंत तात्यांनीही घाई केली नाही.

"खात्री हे का?" मावशीनं विचारलं.

"आत्तापुरती हे," मी म्हणाले. "दुपारचं दुपारी बघू."

तिनं मान हलवली, आणि पाती फिरायला लागली.